टांकसाळीची चूक आणि बाजारातली खोट

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटात शिरला की दुतर्फा सागाचे रान सुरू होते. सिपना नदीच्या काठचे सेमाडोह हे याच रस्त्यावरचे गाव. कोरकूंची वस्ती, वनखात्याचे पर्यटन संकुल आणि रस्त्याच्या कडेला मोजकी दुकाने. सराफाची पेढी इथून दूर, खाली परतवाडा-अचलपूरला. या भागात चांदीचा जुना रुपया अजूनही दोन रूपांनी भेटतो. कधी तो कडी जोडून गळ्यातल्या माळेत ओवलेला असतो, कधी फडक्यात बांधून घरच्या पेटीत जपलेला. लग्नकार्य निघाले, दवाखान्याचा खर्च आला, की तो बाहेर काढला जातो आणि बहुधा ओळखीच्या दुकानदारापुढे ठेवला जातो. दुकानदार सांगेल तो भाव. समोरच्याजवळ ना काटा, ना कसोटी. अशा व्यवहारात पारख करणारा एकटाच असतो, आणि त्याच्या पारखेवर दोघांचे नफानुकसान ठरते.

अलीकडे या व्यवहारात एक नवी भर पडली आहे. ‘एरर कॉइन’, म्हणजे चुकीचे छापले गेलेले नाणे, लाखो रुपयांना विकले जाते, अशा बातम्या मोबाइलवरून घरोघर पोहोचल्या. गल्ल्यातला प्रत्येक वाकडा, घासलेला, काळवंडलेला शिक्का कुणीतरी उलटसुलट करून पाहू लागला. व्यापारी घरांतील तरुण मुले तर दिवसभराची नाणी रात्री भिंगाखाली धरतात. छंद चांगला आहे. मात्र चुकीचे नाणे, खराब झालेले नाणे, झिजलेले नाणे आणि खोटे नाणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे समजल्याखेरीज त्या छंदातून फसगत तेवढी होते.

जैन समाजाला ही विद्या परकी नाही. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या राज्यात टांकसाळीचे काम पाहणारा ठक्कुर फेरू हा श्रीमाल जैन होता. इ. स. १३१८ च्या सुमारास त्याने ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. सोनेचांदी शुद्ध कशी करावी, निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांत कोणता धातू किती असतो, त्यांचे वजन काय आणि अदलाबदलीचा भाव काय, याची तपशीलवार नोंद त्यात आहे. टांकसाळीच्या आतून नाणे पाहणाऱ्या माणसाने लिहिलेला असा ग्रंथ आपल्या देशात दुर्मिळच. फेरूने राजाच्या मुखवट्यापेक्षा धातूकडे आणि घडणीकडे पाहिले, आणि पारखीची सुरुवात आजही तिथूनच होते.

खऱ्या चुकीची व्याख्या एका वाक्यात सांगता येते : जी चूक नाणे टांकसाळीतून बाहेर पडण्यापूर्वी, ते घडत असताना झाली, तीच चूक. त्यानंतर नाण्यावर जे काही झाले, मग ते रेल्वेच्या रुळावर झालेले असो, भट्टीत, शेताच्या ओल्या मातीत वा एखाद्या कारागिराच्या हातोडीखाली, ते सारे नुकसान. म्हणून परीक्षकाने पहिला प्रश्न विचारायचा तो किमतीचा नसतो. ‘टांकसाळीच्या कोणत्या टप्प्यावर हे असे होऊ शकेल?’ हा तो प्रश्न. उत्तर सापडले नाही, तर नाणे बहुतेक वेळा नुसते खराब झालेले असते.

हे टप्पे थोडक्यात असे. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या तापवून मऊ करतात आणि त्यांची कड किंचित उचलून घेतात. मग चकती एका पोलादी कड्यात बसते, खालून एक ठसा, वरून दुसरा, आणि प्रचंड दाबाखाली दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात. कडेवरचे कंगोरेही त्याच क्षणी त्या कड्यामुळे पडतात. चूक व्हायची ती चकतीत, ठशात किंवा दाब पडण्याच्या त्या क्षणात.

चकतीतली नेहमीची चूक म्हणजे चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असणे. पट्टी पुढे नीट सरकली नाही, की यंत्राची पाती आधीच्या भोकावर चढते आणि नवी चकती कोर खाल्लेली निघते. हीच चूक कानशीने घासून सहज करता येते, म्हणून ती बाजारात सर्वांत जास्त दिसते. फरक ओळखायचा तो दोन जागी. खऱ्या नाण्यात धातू दाबाखाली त्या रिकाम्या जागेकडे थोडा वाहतो. त्यामुळे कापाजवळची अक्षरे पसरट आणि अस्पष्ट होतात, आणि कापाच्या बरोबर समोरची कडही बऱ्याचदा दबलेली, अर्धवट असते. घासून केलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखे मध्येच थांबते, समोरची कड ठणठणीत असते आणि भिंगाखाली कानशीच्या समांतर रेघा दिसतात.

ठशातल्या चुका अधिक फसव्या असतात. ठसा वापरून वापरून तडकतो. ती तडक नाण्यावर खोल रेघ म्हणून दिसत नाही, उंचावलेली बारीक शीर म्हणून उमटते. ओरखडा मात्र नेहमी खोल असतो. एवढे एक लक्षात ठेवले, तरी ‘तडकलेल्या ठशाचे’ म्हणून विकायला आलेली निम्मी नाणी बाजूला पडतील. ठशाच्या खाचेत वंगण आणि धूळ साचली, तर एखादे अक्षर वा आकडा उमटतच नाही. ही चूक खरी, पण इतकी सर्रास होते, की तिला संग्राहक फारसा भाव देत नाहीत. अक्षर मुद्दाम खरवडून काढले असेल, तर त्या जागेची चमक आजूबाजूच्या पृष्ठाशी जुळत नाही.

दाबाच्या क्षणीच्या चुका पाहताक्षणी नजरेत भरतात. चकती कड्यात नीट बसली नाही, तर छाप एका बाजूला सरकतो आणि उरलेली जागा कोरी राहते. छापलेले नाणे बाहेर न पडता ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट प्रतिमा उठते. एका बाजूला नीट उमटलेले चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखे, आत गेलेले, अशा नाण्याला भारतीय बाजारात ‘लखी’ म्हणतात. नावातच लाख असल्यामुळे की काय, तिची नक्कल करण्याचा मोह अनेकांना होतो. दोन नाणी लोखंडी शेगड्यात धरून आवळली, की एकाचा ठसा दुसऱ्यावर उलटा उठतो. पण या खटाटोपात मूळ छाप पूर्ण पुसला जात नाही. उलट्या अक्षरांच्या खाली सुलट अक्षरांचे अवशेष उरतात, आणि मागची बाजू चपटी होते. खऱ्या लखीची दुसरी बाजू मात्र पूर्ण दाबाखाली उमटलेली, खणखणीत असते.

हे सारे नियम यंत्राच्या नाण्यांचे झाले. वऱ्हाडात त्यांना एक मोठा अपवाद आहे. सेमाडोहहून घाट उतरला की परतवाड्याला लागूनच अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर. ईल नावाच्या जैन राजावरून हे नाव पडले, अशी परंपरा सांगतात. मुक्तागिरीच्या यात्रेकरूंना हे शहर ओळखीचे आहेच. मुघल काळात आणि पुढे निजामाच्या अमलात इथे टांकसाळ चालत असे. ती नाणी हाताने पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे लेखाचा काही भागच नाण्यावर येई. कुठे टांकसाळीचे नाव अर्धे, कुठे साल बाहेर. अशा नाण्यावर छाप सरकलेला दिसला, तर त्याला चूक म्हणता येत नाही, ती त्या घडणीची रीतच होती. आणि त्यावर चांदणी, फूल किंवा नुसती टोच अशा बारीक खुणा दिसल्या, तर त्या सराफांच्या. नाणे आतून चांदीचेच आहे ना, हे पाहण्यासाठी सराफ ते टोचून पाही आणि आपली खूण उमटवी. काटेकोर अर्थाने हे नुकसानच, कारण ते टांकसाळीबाहेर झाले. पण ते ज्यांच्या हातून झाले, त्या पेढ्यांत जैन सराफही होते. अशी खूण घासून काढणे म्हणजे आपलेच दप्तर पुसण्यासारखे.

कंपनी सरकारने १८३५ पासून सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडला. तो यंत्राचा, म्हणून ‘कलदार’. माळेतला आणि पेटीतला रुपया बहुधा हाच असतो, म्हणून त्याच्याजवळ थोडे अधिक थांबायला हवे. त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, व्यास सुमारे साडेतीस मिलीमीटर आणि चांदी शेकडा ९१.७. म्हणजे न झिजलेल्या एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. आजच्या बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची सवय पडली आहे. ‘तोळाभर रुपया’ म्हणून दहा ग्रॅमचा हिशेब केला, तर वजनातच विकणाऱ्याचे दीड ग्रॅमहून अधिक जाते, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

दुसरी मेख १९४० ची. युद्धाच्या काळात सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. राजा तोच, आकार तोच, वजन तेच, पण चांदी ५.८३ ग्रॅम. त्याच वेळी खोटे रुपये रोखण्यासाठी कडेची घडण बदलली, आणि कंगोऱ्यांच्या मधोमध खोबण आली. त्यामुळे सहाव्या जॉर्जचा रुपया हाती आला, की सालाआधी कड पाहावी. १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, म्हणून दुसऱ्या सालाचा आकडा कोरून त्याचा ३९ करण्याचे उद्योग होतात. अशा नाण्याच्या कडेला खोबण दिसली, तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. खोबण नसेल, तर शेवटच्या आकड्याभोवतीची सपाटी भिंगाने पाहावी. आकडा कोरताना वा जोडताना ती खडबडीत होतेच. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, आणि त्याच्यावर वाघ आहे. मेळघाटात वाघ दिसणे नशिबाचा भाग असला, तरी हा वाघ लोहचुंबकाला लगेच चिकटतो. तो चांदीचा म्हणून विकला जात असेल, तर परीक्षा क्षणात संपते.

जुन्या रुपयावरच्या काही गोष्टी चुकीसारख्या दिसतात, पण चुका नसतात. राणीच्या रुपयावर १८६२ हेच साल १८७४ पर्यंत पडत राहिले, आणि खरे वर्ष कळावे म्हणून ठिपके घालण्यात आले. हे ठिपके म्हणजे ठशाचा दोष नाही. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले गेले. ते नाणे वेचक आहे, पण ती चित्रकाराची उणीव, टांकसाळीची चूक नव्हे.

खोटा कलदार बहुधा साच्यात ओतलेला असतो. ओतीव धातूत बारीक बुडबुडे राहतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर होतात, आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ उरते किंवा ती घासल्याची खूण तरी दिसते. झीज याहून वेगळी. झीज नेहमी उंच भागावर आधी होते : राणीचा गाल, केस, मुकुट. सखल जागची अक्षरे बराच काळ टिकतात. उंच आणि सखल दोन्ही सारखेच पुसट असतील, तर तो ओतीव तरी असतो किंवा तेजाबात बुडवलेला. जुने व्यापारी रुपया वाजवून घेत. चांदीचा आवाज लांबत जातो, शिशाचा बद्द वाजतो. ही परीक्षा आजही कामाची आहे, मात्र जुन्या तडकेमुळे किंवा जोडलेल्या कडीमुळे खरा रुपयाही बद्द वाजू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

अधिक भरवशाची परीक्षा पाण्याची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणावा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवावा, तळाला वा भिंतीला टेकू देऊ नये. काट्यावर जो आकडा येईल, त्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागावे. जुन्या चांगल्या चांदीच्या रुपयासाठी भागाकार १०.३ च्या आसपास येतो, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयासाठी साडेनऊच्या जवळ, आणि जर्मन सिल्व्हरच्या बनावट रुपयासाठी नऊच्या बराच खाली. नाणे झिजून हलके झाले, तरी भागाकार बदलत नाही, हा या रीतीचा मोठा गुण. कडी जोडलेल्या रुपयात डागाचा धातू मिसळतो, तेवढा फरक सोडून द्यावा. ना टोच, ना तेजाब. समोर बसलेल्या कोरकू बाईलाही काट्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

चालू नाण्यांत सर्वांत जास्त गोंधळ दहा रुपयांच्या नाण्याने घातला. दहा रेषांचे खरे, पंधरा रेषांचे खोटे, रुपयाचे चिन्ह नसलेले बाद, अशा अफवांमुळे कित्येक दुकानांत ते नाकारले गेले. वास्तविक रुपयाचे चिन्हच २०११ पासून नाण्यांवर आले. त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कुठून? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की तोवर निघालेली चौदाही प्रकारची दहाची नाणी वैध आहेत. अफवेमुळे गिऱ्हाइकाचे खरे नाणे परत करणे म्हणजे त्याच्या खिशातले दहा रुपये नाहीसे करणे. याच नाण्याचा मधला भाग ठोकून काढून, उलटा बसवून ‘चूक’ म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. टांकसाळीत बाहेरचे कडे आणि मधली चकती एकाच दाबाखाली छापली जातात, तेव्हाच ती एकमेकांत घट्ट बसतात. त्यामुळे सांध्यावरून जाणारी रेषा खऱ्या नाण्यात अखंड असते. पुन्हा बसवलेल्या नाण्यात ती जुळत नाही, आणि सांध्याजवळ ठोकल्याचे वळ राहतात.

याहून मोठी फसवणूक देवाच्या नावाने होते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले घातलेली, राम दरबार वा हनुमानाची मूर्ती असलेली तांब्यापितळेची ‘नाणी’ जत्रांतून मिळतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. खोटे नाणे म्हणायलाही मूळ खरे नाणे असावे लागते, इथे तेही नाही. तांदूळ ओढून घेणारा ‘चमत्कारी’ शिक्का म्हणून त्यांच्यासाठी लाखो रुपये उकळल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत. श्रावकांच्या संग्रहासाठी सरकारने खरोखर काढलेली नाणी आहेत. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये पाच रुपयांचे आणि शंभर रुपयांचे नाणे निघाले. पाचाचे अजूनही कधीमधी गल्ल्यात सापडते, आणि त्यासाठी कुणाला हजारो रुपये देण्याचे कारण नाही.

जुनी नाणी विकत घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेचे नाव सांगणारे, आणि आधी शुल्क, कमिशन वा कर भरायला लावणारे लोक बँकेचे नसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने तसे जाहीरच केले. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हा व्यवहार कोणत्याही पेठेत चालत नाही. मग मोबाइलवर तो खरा का वाटावा?

पारख झाली, की दुसरा प्रश्न उभा राहतो : कळले ते सांगायचे का? अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ याची गणना आहे, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे बनावट द्रव्य देऊन केलेला व्यवहार. टीकाकारांनी त्याचा अर्थ सांगताना बनावट सोन्याचांदीचाच दाखला घेतला आहे. घासून केलेली कोर ‘टांकसाळीची चूक’ म्हणून विकणे या अतिचारात सरळ बसते. गुंतागुंतीची बाजू उलटी आहे. विकायला आलेल्या माळेत एखादा दुर्मिळ सालाचा रुपया दिसला, विकणारीला ते ठाऊक नाही, आणि दुकानदार चांदीच्या भावाने तो ठेवून घेतो. इथे बनावट काहीच नाही, कायदाही मोडलेला नाही. जुन्या घरांतून यावर दोन मते आढळतात. ज्ञानाची किंमत व्यापाऱ्याला मिळायलाच हवी, असे काही म्हणतात. काहींचा शिरस्ता असा, की असा रुपया माळेतून वेगळा काढावा, त्याचे नाव सांगावे आणि दर्दी गिऱ्हाईक लागेल तेव्हा आपली आडत कापून उरलेले विकणाऱ्याला द्यावे. जंगलातल्या गावी हा दुसरा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक टिकवतो, हे हिशेबानेही पटण्यासारखे आहे.

शेतात नांगरताना वा पाया खणताना नाणी सापडली, तर मात्र कोणताच खाजगी शिरस्ता चालत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. असा ठेवा दुकानात आला, तर तो विकत घेण्याआधी हा कायदा विकणाऱ्याला सांगणे दोघांच्याही हिताचे.

शेवटी घरातल्या रुपयांविषयी. दिवाळीत वहीपूजनाला निघणारे कलदार अनेक घरांत चिंच-मीठ किंवा राख लावून लखलखीत केले जातात. दर वर्षीच्या त्या घासण्याने पृष्ठाचा सूक्ष्म थर निघून जातो आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. शंभर वर्षे नीट राहिलेला रुपया दहा दिवाळ्यांत ‘खराब’ या वर्गात जातो. पूजेसाठी एखादा आधीच झिजलेला रुपया वेगळा ठेवावा. बाकीचे आहेत तसेच, काळसर झाकीसह, कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालावेत, प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत नकोत. पाकिटावर साल, वजन, पाण्याच्या परीक्षेचा भागाकार आणि कुणाकडून आला ते लिहावे. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र काढून ठेवावे. कडेचे छायाचित्र लोक नेमके विसरतात. ज्या मुलांना या विषयात पुढे जायचे असेल, त्यांच्यासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरच ते लागते, आणि त्याच अंजनेरीत प्राचीन जैन मंदिरांचे अवशेषही पाहता येतात.